‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणजे नेमकं काय? मागतं कोण, देतं कोण?

सेवाकेंद्र, सेलू

नमस्कार मंडळी. अधिवेशनाच्या दिवसांत पेपरात ठळक अक्षरांत येतं, ‘कृषी विभागाच्या अनुदानाच्या मागण्या मंजूर’. दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली असतात. हातात आधार कार्ड, पासबुक. ‘मंजूर झालंय म्हणे, आपलं कधी पडणार?’ अतिवृष्टीच्या यादीत ज्यांचा व्हीके नंबर (म्हणजे विशिष्ट क्रमांक) अजून आला नाही, ते तर फार आशेनं येतात. हे ते अनुदान नव्हं, एवढं मी सांगतो. पण ते विचारतात, मग कोणतं? मागितलं कुणी आणि मंजूर कुणाला झालं? ओट्यावर बसलेल्या माणसाला पटेल असं उत्तर मला पाहिजे.

हिशेबवही, परभणी

दादा, ‘मागितलं कुणी?’ हाच यातला खरा प्रश्न आहे. मागतं सरकार. मंत्री सभागृहापुढं उभे राहतात आणि आपल्या खात्याला वर्षभर खर्च करायची परवानगी मागतात. ती विधानसभेनं द्यायची असते. या देण्याला राज्यघटनेच्या मराठीत ‘अनुदान’ म्हटलंय आणि मंत्र्यांच्या त्या प्रस्तावाला ‘अनुदानाची मागणी’. अनुच्छेद २०३ मध्ये हे सगळं आहे. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अशी मागणी मांडता येत नाही. विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते, रक्कम कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. विधान परिषदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, मागण्यांवर मतदान होत नाही. पुढं विनियोजन विधेयक, म्हणजे पैसे काढायला परवानगी देणारा कायदा, मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे तिजोरीतून, रुपया निघत नाही.

म्हणजे त्या बातमीतला याचक शेतकरी नसून सरकार आहे आणि दाता आपण निवडून दिलेलं सभागृह. शेतकरी तिथं कुठंच हात पसरून उभा नाही. हे लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कारण ज्यानं मागून घेतलं, त्यानं हिशेब द्यायचा असतो.

घोटाळा होतो, कारण एकच शब्द तीन ठिकाणी वापरलाय. अर्थसंकल्पाची पुस्तकं किंवा निधीचे शासन निर्णय पाहिलेत तर तिथं हे वेगवेगळं लिहिलेलं दिसेल. सभागृह सरकारला देतं ते अनुदान. सरकार एखाद्या संस्थेला चालायला पैसे देतं ते ‘सहायक अनुदान’. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पगार अशा पैशांतून होतात, शासन निर्णयात ‘३६, सहायक अनुदाने (वेतन)’ असं लेखाशीर्षाच्या (खर्च ज्या खाती लिहितात त्या क्रमांकाच्या) शेवटी असतं. आणि शेतकऱ्याला ठिबकासाठी, अवजारासाठी जे मिळतं, त्याला हिशेबाच्या भाषेत ‘३३, अर्थसहाय्य’ म्हणतात. ‘प्रति थेंब अधिक पीक’ या ठिबक-तुषारच्या योजनेत केंद्राच्या नियमानं लहान-सीमांत शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्यानं भर घालून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेलं, ते सगळं या ३३ मधलं. आपण तिन्हींना सरसकट अनुदान म्हणतो. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, हेही त्यातलंच.

आणखी एक, हे ओट्यावर जरूर सांगा. अतिवृष्टीची मदत कृषी खात्याच्या मागणीत नसतेच. ती मदत व पुनर्वसन विभागाकडून येते, प्रधान शीर्ष २२४५, नैसर्गिक आपत्ती. पीक संवर्धनाचं शीर्ष २४०१ वेगळं. त्यामुळं कृषीच्या मागण्या मंजूर झाल्या काय आणि नाही काय, त्या दिवशी त्या यादीत काहीच हलत नाही.

बातमीदार, लातूर

हिशेबवही काका, माहिती पक्की आहे, पण एक सांगतो. लोकांच्या तोंडून ‘अनुदान’ काढून ‘अर्थसहाय्य’ बसवणं होणार नाही. ‘सोयाबीनचं अनुदान आलं का?’ असंच उदगीरपासून अंबडपर्यंत विचारतात आणि विचारत राहणार. त्यात वावगं काय? शब्द वापरणाऱ्याचा असतो. शिवाय मथळ्याला जागा चार-पाच शब्दांचीच असते.

हिशेबवही, परभणी

बरोबर आहे. लोकांचा शब्द लोकांकडंच राहू द्या, बदल आपण छापणाऱ्यांनी करायचा. ‘कृषी खात्याच्या खर्चाला विधानसभेची मंजुरी’. शब्द पाचच झाले, आणि मंजुरी कुणी कशाला दिली ते त्यात आलं.

दुसरा शब्द ‘कपात सूचना’. एका आमदारांनी कृषी खात्यावर कपात सूचना मांडली, तर गावाकडं बोंब झाली की हा माणूस शेतकऱ्याचा पैसा कमी करायला निघाला. खरं तर ते प्रश्न विचारायचं हत्यार आहे. लोकसभेच्या नियमांत त्याचे तीन प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर मागणी कमी करून एक रुपयावर आणा म्हणायचं, खर्च जास्त वाटला तर ठरावीक रक्कम कापा म्हणायचं, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर फक्त १०० रुपये कमी करा म्हणायचं. त्या १०० रुपयांनी कुणाचं बियाणं महाग होत नाही, पण बियाण्याबद्दल बोलायला सभागृहात जागा मिळते. बातमी लिहिताना ‘कपात सूचनेद्वारे अमुक प्रश्न मांडला’ असं पुरं वाक्य यावं. अर्धवट मथळ्यानं चांगलं काम करणाऱ्या आमदाराचं नाव खराब होतं.

मोडीवाचक, पैठण

‘तरतूद’ राहिला. मूळ अरबी ‘तरद्दुद’. उर्दूत त्याचा अर्थ काळजी, घालमेल असाही होतो. मराठीत तो तयारी, जमवाजमव या अर्थानं रुळला. त्या अर्थी ‘५०० कोटींची तरतूद’ म्हणजे पैसे बाजूला काढून ठेवलेत असं ऐकणाऱ्याला वाटणारच. ही रक्कम मी उदाहरणापुरती घेतली. मला विचारायचंय ते हे, की अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे खरंच पैसा ठेवलेला असतो का?

हिशेबवही, परभणी

नाही. तरतूद म्हणजे खर्चाची वरची मर्यादा. पेरणीआधी आपण वहीत लिहितो, यंदा खताला एवढे लागतील. लिहिलं म्हणून खत घरात येत नाही, तसंच हे. तरतुदीनंतर योजनेला प्रशासकीय मान्यता लागते, मग वित्त विभाग निधी सोडतो, तो बीम्स या संगणकीय प्रणालीवर अधिकाऱ्याच्या नावे दिसतो, मग कोषागारात देयक, म्हणजे बिल, जातं, आणि शेवटी पैसा खात्यावर पडतो. यातल्या कुठल्याही पायरीवर तो अडू शकतो. म्हणून ‘तरतूद’, ‘मान्यता’, ‘वितरण’ आणि ‘खर्च’ हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पेपरात बहुतेक वेळा पहिलाच छापतात, शेतकऱ्याला पाहिजे असतो चौथा.

आणि चौथ्यातही पाहायला लागतं. खात्यानं एखाद्या महामंडळाला पैसे दिले की खात्याच्या वहीत ते खर्ची पडतात. महामंडळानं ते वापरले की बँकेत ठेवले, हे उपयोगिता प्रमाणपत्र आल्यावर कळतं. मार्चअखेर घाईनं काढलेल्या रकमांच्या बाबतीत हे फार वेळा राहून जातं.

सेवाकेंद्र, सेलू

मग हे बघतं कोण? महाबीजसारख्या सरकारी बियाणं कंपनीचं कोण बघतं?

हिशेबवही, परभणी

थोडक्यात सांगतो. झालेल्या खर्चाचं लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, त्यांचा राज्याबद्दलचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढं येतो. त्यातली खात्यांची प्रकरणं लोकलेखा समिती घेते आणि सचिवांना बोलावून विचारते. ‘लोकलेखा’ म्हणजे लोकांच्या पैशाचा लेखा. शब्द छान आहे, तसाच वापरावा. महाबीज ही १९७६ साली अकोल्यात स्थापन झालेली कंपनी, तिच्यासारख्यांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती असते. जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडं पंचायत राज समिती पाहते. अंदाज समितीचं काम मुख्यतः काटकसर आणि कारभार कसा सुधारेल ते सुचवायचं. या समित्या ‘शिफारस’ करतात, आदेश देत नाहीत. ‘समितीनं आदेश दिले’ असं छापू नये.

दिल्लीचं उदाहरण घ्या. संसदेत १९९३ पासून खात्याखात्याच्या स्थायी समित्या आहेत. कृषीच्या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. मागण्यांवर मतदान होण्याआधी ती समिती खात्याचा आकडा न् आकडा तपासते. डिसेंबर २०२४ मध्ये चरणजितसिंग चन्नी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार रुपये १२ हजार करावेत अशी शिफारस केली. आपल्याकडं ‘आता १२ हजार मिळणार’ असे मेसेज फिरले. शिफारशीला ‘निर्णय’ म्हटलं की असं होतं.

बातमीदार, लातूर

एक शब्द मला कायम खटकतो. ‘निधी समर्पित’. शासकीय कागदात येतो. आमच्या डेस्कवर नव्यानं आलेल्या मुलानं त्याचा अर्थ ‘योजनेला वाहिलेला निधी’ असा लावला आणि बातमी उलटी लिहिली. छापायच्या आधी सापडली.

हिशेबवही, परभणी

त्या मुलाचा दोष नाही. समर्पण म्हटलं की मराठी माणसाला देवापुढं वाहिलेलं फूल किंवा पुस्तकाचं अर्पणपान आठवतं. इथं मात्र अर्थ आहे, वापरला नाही म्हणून परत केला. हा शब्द किती मोठी गोष्ट झाकतो ते पहा. मार्च २०२३ मध्ये पी. सी. गद्दीगौडर यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी स्थायी समितीनं दाखवून दिलं की केंद्राच्या कृषी विभागानं तीन वर्षांत मिळून ४४,०१५.८१ कोटी रुपये असे परत केले. २०२०-२१ मध्ये २३,८२४.५४ कोटी, २०२१-२२ मध्ये ४२९.२२ कोटी, आणि २०२२-२३ मध्ये त्या वेळच्या अंदाजानं १९,७६२.०५ कोटी. ईशान्येकडची राज्यं, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी राखलेल्या भागात गरज कमी निघाली, असं विभागानं कारण दिलं. हा प्रकार थांबवा, असं समितीनं बजावलं. एवढी रक्कम शेतीसाठी मागून घेतली, सभागृहानं दिली, आणि ती शेतापर्यंत गेलीच नाही. अशा वेळी ‘समर्पित’ लिहिणं मला तरी पटत नाही.

सेवाकेंद्र, सेलू

आमच्याकडं सरळ ‘माघारी गेला’ म्हणतात. ‘निधी माघारी गेला.’ हा चालंल का?

मोडीवाचक, पैठण

चालंल काय, उत्तम आहे. जुना शब्द आहे आणि सगळ्यांना कळतो.

हिशेबवही, परभणी

माझीही हरकत नाही. फक्त एक फरक सांभाळा. वर्ष संपायच्या आत खात्यानं स्वतःहून परत केला तर ‘माघारी दिला’ लिहा. ३१ मार्चपर्यंत ना खर्च केला ना परत दिला, तर तो आपोआप बुडतो, त्याला कागदात ‘व्यपगत’ म्हणतात; तिथं ‘बुडाला’ लिहा. माघारी दिलेला पैसा वित्त विभाग त्याच वर्षी दुसऱ्या कामाला फिरवू शकतो. बुडालेल्यासाठी पुढच्या वर्षी सभागृहापुढं नव्यानं मागणी घेऊन जावं लागतं.