मदत हवी आहे: बीए राज्यशास्त्रानंतर गोव्यातच चौथं वर्ष करावं की एमएला बाहेर जावं?

रानवारा

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातली. राज्यशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सहावं सेमिस्टर चालू आहे. आम्ही जून २०२३ मध्ये कॉलेजात आलो, म्हणजे गोव्यात नवीन शैक्षणिक धोरणाखाली शिकणारी पहिली बॅच आमचीच. आमच्या पुढची मुलं जुन्या पद्धतीनं तीन वर्षांत पदवी घेऊन गेली, त्यामुळे चौथ्या वर्षाचं विचारावं असं कॉलेजात कुणीच नाही. म्हणून इथे विचारते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांवर थांबले तर १२० क्रेडिटची साधी पदवी मिळेल, चौथं वर्ष केलं तर १६० क्रेडिटची ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि माझे तेवढे होतील असं आत्तापर्यंतच्या गुणांवरून दिसतं. दुसरी वाट म्हणजे तीन वर्षांची पदवी घेऊन थेट एमएला जाणं, गोवा विद्यापीठात नाहीतर पुणे, दिल्ली, हैदराबादला. सीयूईटी-पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरून ठेवला आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे.

घरचं सांगते, कारण त्याशिवाय सल्ला देणं कठीण. बाबांचा खाणीवर ट्रक होता. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर हप्ते थकले आणि ट्रक विकावा लागला. आता ते दुसऱ्याची गाडी चालवतात, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ अकरावीत आहे. घरचे म्हणतात, पदवी हातात पडली की कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती बघ, कारकुनाची जागा लागली तरी पुष्कळ झालं. त्यांचं काही चुकत नाही. आमच्या वाड्यावर ज्या घरात एक सरकारी पगार येतो, त्या घराला खाणबंदीचा फटका कमी बसला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण मला हा विषय मनापासून आवडतो. इंटर्नशिप मी एका पंचायतीत केली. रविवारच्या ग्रामसभेला बसून टिपणं काढायची आणि नंतर इतिवृत्ताच्या वहीशी ताडून बघायची, असं काम मी स्वतःच लावून घेतलं होतं. एका सभेत डोंगरकापणीवरून बराच वाद झाला. मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, "परवान्याची फाईल हांगा हाडात आनी आमकां दाखयात." (फाईल इथे आणा आणि आम्हाला दाखवा.) पंच गप्प, सचिव लिहितायत. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा त्या सगळ्याचं एक वाक्य उरलं होतं: "विकासकामांबाबत ग्रामस्थांनी चर्चा केली." त्या बाईचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. पंचायतराजची ७३वी घटनादुरुस्ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. ग्रामसभेचा अधिकार नेमका कुठे अडतो ते मला त्या वहीत दिसलं. यावर नीट काम करावं असं तेव्हापासून डोक्यात आहे.

तर चौथ्या वर्षाचा खरा उपयोग काय? चांगल्या ठिकाणी एमए करायचं असेल तर एक वर्ष वाया जातं का? आणि या विषयावर गोव्यात पोट भरता येतं का? "मास्तरीण नाहीतर यूपीएससी" हेच आजवर ऐकत आले आहे. मधलं काही असेल तर सांगा.

फोंड्याची शिक्षिका

वर्षांचा हिशेब आधी करून टाक. तीन अधिक दोन म्हणजे पाच. चार वर्षं करून एक वर्षाचं एमए केलंस तरी पाचच. म्हणजे वर्ष वाया जात नाही, पण एक वर्षाचं एमए प्रत्येक विद्यापीठात प्रत्येक विषयाला मिळेलच असं धरून चालू नकोस. जिथे जायचं आहे तिथलं प्रवेशपत्रक वाचूनच ठरव. दोन वर्षांच्याच एमएला बसावं लागलं तर मात्र सहा होतील.

शिकवायचं मनात असेल तर ऑनर्सवर भागत नाही. उच्च माध्यमिकला राज्यशास्त्र शिकवायला एमए आणि बीएड लागतं. कॉलेजात शिकवायचं तर ५५ टक्क्यांनी एमए आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. गोव्याची सेट गोवा विद्यापीठ घेतं. संशोधनाकडे वळायचं असेल तर चौथ्या वर्षाला खरी किंमत आहे, कारण ७५ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी असेल तर आता नेट देऊन थेट पीएचडीला जाता येतं. नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, जेआरएफ, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. तुझ्यासारख्या घरातल्या मुलीला मी ही गोष्ट आधी सांगते. शिकता शिकता घरी पैसे पाठवता येतात, हे आईवडिलांना समजलं की त्यांचा विरोध निम्मा होतो.

तुझा इतिवृत्ताचा विषय फार चांगला आहे. तो सोडू नकोस.

मांडवीकाठ

मी सरकारी सेवेत आहे, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो.

बाय, घरचे म्हणतात ती कारकुनाची जागा आणि तू म्हणतेस ते शिक्षण यांच्या मधे एक मोठी पायरी आहे, तिच्याकडे आपली मुलं बघतच नाहीत. गोवा लोकसेवा आयोगाची कनिष्ठ श्रेणी अधिकाऱ्याची परीक्षा. गोवा नागरी सेवेत शिरायचं दार ते. पुढे उपजिल्हाधिकाऱ्यासारख्या जागांवर काम करायला मिळतं. कोणत्याही शाखेची पदवी चालते. १५ वर्षांचा रहिवास लागतो, कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं जाहिरातीत असतं. डिचोलीची मुलगी घरात कोकणी बोलते आणि मराठी वाचत मोठी होते. तुला दोन्ही आहेत. फक्त कोकणी लिहायचा सराव आत्तापासून कर. बोलता येतं म्हणून लिहिता येतं असं नाही, आणि तिथेच पुष्कळजण अडकतात.

जाहिरात दरवर्षी ठरल्या वेळी निघत नाही. म्हणून फक्त तिच्यावर विसंबून घरी बसू नये. अभ्यास चालू ठेवून शिकत राहावं, हे चौथ्या वर्षाच्या बाजूनं माझं मत.

यूपीएससीबद्दल थोडक्यात. वय २१ पूर्ण लागतं, खुल्या गटाला ३२ पर्यंत सहा वेळा बसता येतं, ओबीसींना ३५ पर्यंत नऊ वेळा. पूर्वपरीक्षेचं केंद्र पणजीत आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऐच्छिक विषय घेतलास तर २५० गुणांचे दोन पेपर तुझ्याच विषयाचे, शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला त्याचाच आधार. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. पण पदवीनंतरची चार-पाच वर्षं फक्त याच एका परीक्षेला देऊ नकोस. हुशार मुलं त्यात तिशीपर्यंत अडकलेली मी जवळून पाहिली आहेत.

पेडण्याचा वाटसरू

मी दिल्लीत एमए केलं, तिथलं सांगतो. जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद, पाँडिचेरी, सगळीकडे सीयूईटी-पीजीवरच प्रवेश. राज्यशास्त्राचा पेपर ७५ प्रश्नांचा, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, म्हणून संज्ञा इंग्रजीतून पक्क्या कर. जेएनयू आणि हैदराबादची फी खाजगी विद्यापीठांच्या मानानं फारच कमी आहे. खर्च होतो तो राहण्या-जेवणाचा, तेव्हा वसतिगृह मिळतं का हे आधी बघ. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आहे. तिच्या अटी यंदाच्या यंदा वाचून घे.

पुणे विद्यापीठातला राज्यशास्त्र विभाग तुझ्या विषयाला जवळचा वाटतो. राजकारणाचे अभ्यासक सुहास पळशीकर तिथे शिकवायचे. राज्यांचं राजकारण, पक्ष, मतदार यांवर त्या विभागातून मराठीतही भरपूर लिहून झालं आहे. गोव्यातल्या मुलांना तिथे परकं वाटत नाही.

मधलं काय असतं, असं विचारलंस. पदवीनंतर पीआरएस या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. एका खासदाराबरोबर संसदेत संशोधन सहाय्यक म्हणून काम करायचं, प्रश्न तयार करायचे, विधेयकांवर टिपणं काढायची. वयाची अट २५ पर्यंत, शाखा कोणतीही, मानधन मिळतं. लोकनीती-सीएसडीएस ही दिल्लीची संशोधन संस्था निवडणुकांच्या वेळी सर्वेक्षणं करते, त्यांत घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेणारी बरीचशी मुलं कॉलेजातलीच असतात. पैसे फार नसतात, पण नमुना कसा काढतात, उत्तर देणारा कुठे बिचकतो, हे वर्गात शिकता येत नाही.

आणि एक गोष्ट कुणीच म्हटली नाही. तू चौथं वर्ष केलंस तर ते २०२६-२७ चं असेल. गोवा विधानसभेची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला आहे. पंचायतींची मागची निवडणूक ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, म्हणजे त्याही २०२७ मध्येच येतात. ग्रामसभेवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला याहून चांगलं वर्ष कुठलं? मी तुझ्या जागी असतो तर हे वर्ष गोव्यातच काढलं असतं आणि एमएला नंतर बाहेर पडलो असतो.

कोर्टाची पायरी

वकिलीचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी. मिरामारला साळगावकर आणि मडगावला कारे, दोन्ही कॉलेजं घरून जाऊन-येऊन करता येतात. राज्यशास्त्राच्या मुलींना घटना आणि प्रशासकीय कायदा सोपा जातो, हे सोबतच्या मुलींकडे बघून सांगते. पक्षांतराचंच बघ. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विलीनीकरणाला दोन-तृतीयांशाची जी सूट आहे, तिचा अर्थ गोव्याच्या खटल्यांत कोर्टासमोर घासला गेला आहे. चाळीस आमदारांच्या सभागृहात एका पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार म्हणजे एका खोलीत मावतील इतकी माणसं, म्हणून हे इथे इतकं सहज घडतं. देशभरातल्या अभ्यासकांना यासाठी गोव्याकडे बघावं लागतं, आपण तर इथेच राहतो.

दुसरं, पोर्तुगीज शीक. जमिनीचे जुने दस्त, कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) कागद, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले वारसाहक्क, हे सगळं मुळातून वाचू शकणारी माणसं गोव्यात कमी होत चालली आहेत. वकील अशी माणसं शोधत असतात आणि भाषांतराचे पैसे देतात. पणजीला फोंताइन्यश भागात फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. संशोधनात राहिलीस तर पुराभिलेखागारातही ती भाषा उपयोगी पडेल. "मधलं काही" म्हणालीस त्यात मी हे धरेन.

इतिवृत्तासाठी माहिती अधिकार वापर. पंचायतीच्या सार्वजनिक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज कर, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाच-सहा पंचायतींची एकाच वर्षाची इतिवृत्तं मागव. एकाच गावावर लिहिलंस तर तिथल्या सचिवाची तक्रार केल्यासारखं दिसेल. पाच गावांत तेच घडताना दाखवलंस तर त्याला संशोधन म्हणता येईल.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी आईबाबांना वाचून दाखवले. कनिष्ठ श्रेणी अधिकाऱ्याची परीक्षा आणि जेआरएफ या दोन्ही गोष्टी त्यांना पहिल्यांदाच कळल्या. बाबांनी उपजिल्हाधिकाऱ्याचं पुन्हा वाचायला लावलं.

पेडण्याचा वाटसरू, निवडणुकीचं वर्ष आणि माझं चौथं वर्ष एकच पडतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यामुळे सध्या कल चौथ्या वर्षाकडे आहे. सीयूईटी मार्चमध्ये देणारच, पेपर कसा असतो तेवढं तरी कळेल. कोकणी लिहायला आजपासून सुरुवात केली आहे.

कोर्टाची पायरी ताई, पाच पंचायतींचं पटलं. खाणपट्ट्यातल्या दोन, किनाऱ्यावरच्या दोन आणि सत्तरी तालुक्यातली एक घेतली तर चालेल का? की सगळ्या एकाच तालुक्यातल्या असाव्यात?

अजून एक राहिलं आहे. संशोधनासह ऑनर्सला मार्गदर्शक कॉलेजातलाच घ्यावा लागतो की विद्यापीठातला चालतो, हे प्राचार्यांना विचारायला मी या आठवड्यात जाणार आहे. तिथे आणखी काय काय विचारून यावं, ते फोंड्याच्या बाईंनी सांगितलं तर फार बरं होईल.

फोंड्याची शिक्षिका

तीन गोष्टी विचार, आणि तोंडी उत्तरावर परत येऊ नकोस, जमलं तर लेखी घे. तुमच्या कॉलेजात राज्यशास्त्राचं चौथं वर्ष नक्की सुरू होणार का, आणि किमान किती विद्यार्थी लागतात. झालं नाही तर त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात चौथ्या वर्षाला जाता येईल का. आणि प्रबंध मराठीतून लिहायची परवानगी मिळेल का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तरी टिपणं मराठी-कोकणीतूनच काढत जा, त्या बाईचं वाक्य तू जसं वर लिहिलंस तसंच.

पंचायतींचं म्हणशील तर वेगवेगळ्या भागांतल्याच घे. कच्चा आराखडा झाला की इथेच टाक, मी वाचेन.