टेक होम, कपात आणि वजावट : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

रामबागहून :
मंडळी, पुतणीला पहिली नोकरी लागलीय, ऑफर लेटर घेऊन आली नि म्हणाली काकू यातले हातात किती, मग आम्ही दोघी कागद पेन घेऊनच बसलो. वर्षाचे 6,36,000 म्हणजे महिन्याला 53,000, पण त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 3,000 धरलेला, तो गेला की उरले 50,000. बेसिक 25,000, त्याचे 12 टक्के म्हणजे तिचा स्वतःचा पीएफ 3,000, वर प्रोफेशनल टॅक्स 208. हातात 46,792. हिशोब झाला पण टेक होमला चांगला मराठी शब्द सुचेना, 'निव्वळ वेतन' फार सरकारी वाटतं. आणि इथे इंदूरला हिंदी पेपरात 'मानक कटौती 75,000' वाचून सासूबाई घाबरल्यात, पोरीचे वर्षाला पाऊण लाख कापणार म्हणून!

सुदामा नगरहून :
काकू, आजींना आधी सांगा की त्यातला एक रुपयाही कापत नाहीत. हिंदीत दोन्हीला कटौतीच म्हणतात म्हणून हा घोळ होतो, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते जपायलाच हवेत. पगारातून खरोखर जाते ती कपात, म्हणजे तुमचे पीएफचे 3,000 नि ते 208. कर काढायच्या आधी उत्पन्नातून हिशोबापुरती वजा करतात ती वजावट, म्हणून मराठी पेपरात 'प्रमाणित वजावट' लिहितात. वजावट जितकी जास्त तितका कर कमी, म्हणजे ती आपल्या फायद्याची. इंदूरला राहून आपण सरसकट 'पगार कटला' म्हणायला लागलोय, त्यात हा फरक पार पुसला जातो आणि मला ते खरंच खटकतं.
तुमच्याच आकड्यात बघा, महिन्याचे 50,000 म्हणजे वर्षाचे 6,00,000, त्यातून वजावट 75,000, राहिले 5,25,000. 2025-26 च्या नव्या करपद्धतीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, वरच्या सव्वा लाखावर 5 टक्के म्हणजे 6,250, पण 12 लाखांपर्यंत उत्पन्न असलं की तेवढी करात सूट मिळते, म्हणून कर शून्य. ही सूट तिसरीच, ती उत्पन्नातून नाही, करातून मिळते.
टेक होमला 'हातात पडणारा पगार' म्हणा की, घरात बोलता तेच. पगार शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्यात त्याचा अर्थच पैसे देणं, चुकते करणं.

लोकमान्य नगरहून :
तनख्वाह वरून 'तनखा' म्हणावं का? आमच्याकडे बाबा म्हणायचे.

सुदामा नगरहून :
नको हो दादा, मराठीत तनखा म्हटलं की संस्थानिकांचे तनखेच आठवतात, 1971 मध्ये बंद झाले ते. होळकरांच्या गावात तर नक्कीच घोटाळा होईल.

रामबागहून :
आजींना दोन्ही शब्द समजावले, आता निवांत आहेत. फक्त एक राहिलं, इथे प्रोफेशनल टॅक्सला हिंदीत वृत्तिकर म्हणतात, तर त्या विचारतात हे कोण वृत्तीकर, कुठले? मराठीत वृत्ती म्हणजे स्वभाव हेच पटकन डोक्यात येतं ना. आपल्याकडे व्यवसाय कर म्हणतात तेच बरं. आणि पुतणीला सांगून ठेवलंय, 11 महिने 208 कापतील, शेवटच्या महिन्यात 212, वर्षाचे 2,500 पुरे व्हायला, तेव्हा ते 4 रुपये बघून दचकू नकोस.