पाऊस आला म्हणे : बनवलेल्या भाषेतली एक पावसाळी कविता

फावल्या वेळात भाषा बनवायचा नाद आहे. हिला अजून नाव नाही, शब्द जेमतेम शे-दीडशे. त्यातली ही जूनच्या तोंडावरची कविता. मराठी करताना अडलंय, म्हणून इथे टाकतो.

तोरु केमशा
तोरु केमका
नेव लोरमा
साबि हेन! तोरु केमना

तोरु म्हणजे पाऊस, केम- येणे, नेव रस्ता, लोर- भिजणे, साबि खिडकी, हेन- उघडणे.

व्याकरण थोडकं आहे. लिंग नाही, वचन नाही, काळसुद्धा नाही. क्रियापदाला प्रत्यय लागतो तो बोलणाऱ्याला गोष्ट कशी कळली याचा. डोळ्यांनी पाहिली तर -ना, नुसता आवाज ऐकला तर -का, खुणेवरून ताडली तर -मा, कोणी सांगितली तर -शा. प्रत्ययाशिवाय विधान करायची सोय नाही. नुसता धातू म्हणजे आज्ञा, म्हणून 'हेन'.

तर पहिल्या ओळीतला पाऊस बातम्यांतला. केरळात तो साधारण १ जूनला पोचतो, ठाण्यात यायला त्यापुढे दहाएक दिवस. दुसरीत तो रात्री खिडकीवरच्या पत्र्यावर वाजतोय. तिसरीत सकाळी खाली डोकावलं तर डांबर काळंभोर. चौथीत समोर. 'पाऊस आला म्हणे' इथवर मराठी आपोआप झालं, पुढे काय?

प्रतिसाद :
प्रकार ओळखीचा आहे. तुर्कीत पाऊस पडताना पाहिला तर क्रियापदाला -दी, ऐकीव असेल किंवा ओल बघून ताडला असेल तर -मिश; तुमचे -शा आणि -मा तिथे एकाच प्रत्ययात बसतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या तुयुका भाषेत असे पाच भेद आहेत. आणि लांब कशाला, 'परोक्षे लिट्' हे पाणिनीचं सूत्रच आहे : बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतकाळासाठी लिट् हे संस्कृत क्रियापदाचं रूप. मग 'मी केलं' याला लिट् कसा लागणार, तर त्याचंही उत्तर वैयाकरणांनी देऊन ठेवलंय. झोपेत किंवा नशेत केलं असेल तर लागतो! आपण म्हणतो तसंच, 'मी रात्री बडबडत होतो म्हणे.'

प्रतिसाद :
'म्हणे' कुठे ठेवता ते सांभाळा. 'पाऊस आला म्हणे' ही बातमी. 'म्हणे पाऊस आला!' हा टोमणा, म्हणजे घामाने शर्ट पाठीला चिकटलाय आणि हे सांगतायत पाऊस आला. तुमच्या -शा मध्ये तो खवचटपणा येतो का? येत नसेल तर भाषा अजून कच्ची आहे.

दुसरं, तिसऱ्या ओळीत -मा का? रस्ता ओला आहे हे तर डोळ्यांना दिसतंय. -ना हवा.

मूळ लेखक :
टोमणा सध्या नाही, पण प्रत्यय आधी आणायची युक्ती चोरण्यासारखी आहे.

-मा बद्दल मी ठाम आहे. लोर- म्हणजे 'ओलं असणं' नव्हे, 'भिजणं'. रस्ता ओला दिसतो, भिजताना दिसलेला नाही. सोसायटीच्या वॉचमनने पाइप लावून गाड्या धुतल्या तरी रस्ता तसाच दिसतो. मराठीतही 'रस्ता ओला आहे' आणि 'रस्ता भिजलेला दिसतोय' यांत हाच फरक. ताडलेल्या गोष्टीला आपल्याकडे 'दिसतोय' लावतात ही गंमत वेगळीच.

प्रतिसाद :
ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहणाऱ्यांची अडचण सोडवा. आमच्याकडे पाऊस येऊरच्या डोंगरावरून उतरतो. आधी डोंगराचा माथा पुसला जातो, मग झाडं, मग अलीकडच्या इमारती, आणि दोरीवरचे कपडे काढेपर्यंत सर अंगावर. डोंगर गेला त्या क्षणी 'तोरु केमना' म्हणायचं की 'केममा'?

मूळ लेखक :
केममा. डोंगर दिसेनासा झाला हे पाहिलं, पाऊस नाही. मराठीत त्या क्षणी तोंडातून 'पाऊस येतोय वाटतं' निघतं. तो 'वाटतं' म्हणजेच -मा.

प्रतिसाद :
वाटतं कसलं, आमच्या घरात 'आला, आला, कपडे काढा' असाच आरडाओरडा होतो. चाळीस वर्षं तोच डोंगर बघणाऱ्याला ते पाहिल्यातच जमा. मी -ना वापरणार.

प्रतिसाद :
दुसऱ्या ओळीसाठी शब्द शोधू नका, नाद वापरा. 'ताडताड आला पाऊस.' ताडताड म्हटलं की कानाची साक्ष आलीच. भुरभुर मात्र चालणार नाही, ती ऐकू येत नाही. चौथीला 'की' लावा, नुकतंच नजरेला पडलेलं त्यात बरोबर येतं. सगळं मिळून :

पाऊस आला म्हणे
ताडताड आला पाऊस
रस्ता भिजलेला दिसतोय
खिडकी उघड! आला की पाऊस

मूळ लेखक :
घेतलं. फक्त दुसरीत 'पाऊस' शेवटी नको, चौथीशी टक्कर होते. 'पाऊस ताडताड आला' करतो.