भाडेकरार आणि कर्जकरारातील पर्यावरणविषयक अटी: इंदूरमधील इमारतीबाबत सल्ला हवा आहे

विजयनगरचा_मालक यांचा प्रश्न:

नमस्कार. इंदूरच्या विजयनगर भागात आमची एक तीन मजली व्यावसायिक इमारत आहे. तिचे वरचे दोन मजले एका सूचिबद्ध कंपनीला कार्यालयासाठी नऊ वर्षांच्या मुदतीने भाड्याने देण्याचे घाटत आहे. कंपनीने पाठवलेल्या मसुद्यात नेहमीच्या अटींखेरीज दोन पाने पर्यावरणाची आहेत. वीज व पाण्याच्या वापराची आकडेवारी उभयतांनी एकमेकांना द्यावी, मालकाने इमारत ‘शक्य तितक्या पर्यावरणपूरक रीतीने’ चालवावी, एसीची यंत्रणा बदलल्यास ती अधिक कार्यक्षम असावी आणि कचरा वेगवेगळा करून द्यावा, असा त्यांचा आशय आहे. कचऱ्याचे इंदूरकराला कोणी शिकवायला नको. उरलेल्या अटींची जबाबदारी मात्र नेमकी कोणावर आणि कुठपर्यंत, हे वाचून कळत नाही.

त्याच सुमारास छतावरील सौर संच आणि नवीन एसी यंत्रणा यांसाठी मी बँकेकडे दीड कोटी रुपयांचे कर्ज मागितले आहे. तारण अर्थात हीच इमारत. बँकेने व्याजात ०.१० टक्के सूट देऊ केली आहे, पण त्यासाठी दरवर्षी इमारतीचा वीजवापर ठरावीक प्रमाणात घटल्याचे त्रयस्थ तपासनिसाचे प्रमाणपत्र द्यावे लागेल. वीज वापरणार भाडेकरू, त्या मजल्यांचा मीटर त्याच्या नावावर आणि बँकेपुढे शब्द माझा, ही रचना मला धोक्याची वाटते. आमचे सीए म्हणतात की, असल्या अटी शोभेच्या असतात, सही करून मोकळे व्हा. ज्यांनी असे करार हाताळले आहेत, त्यांचे मत हवे आहे.

दस्तऐवज_वकील यांचे उत्तर:

सीएंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ‘शक्य तितक्या पर्यावरणपूरक रीतीने’ हे शब्द खरोखरच शोभेचे आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो शून्य ठरतो. त्यामुळे अशा वाक्याच्या जोरावर कोणी आपल्याकडून काही वसूल करील, ही शक्यता कमी. आकडेवारी देण्याची अट मात्र शोभेची मुळीच नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावाच लागतो आणि त्यात ऊर्जा व पाण्याच्या वापराचे आकडे असतात. आपला भाडेकरू त्या यादीत असेल, तर त्याला हे आकडे सौजन्य म्हणून नव्हे, गरज म्हणून हवे आहेत. वाटाघाटीत ही आपली जमेची बाजू समजावी.

आपली भीती रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय भाडेकराराच्या मसुद्यातच आहे. बँकेला आपण जे जे देण्याचे कबूल कराल, ते ते भाडेकरूने आपल्याला त्याआधी पंधरा दिवस तरी द्यावे, असे भाडेकरारात लिहून घ्यावे. एकीकडे वर्षअखेरीच्या हिशेबाची अट असेल आणि दुसरीकडे ‘मागणी केल्यास वाजवी मुदतीत’ एवढेच असेल, तर मधल्या काळात कसूर ठरते ती आपली.

खर्चाची वाटणी हा खरा वादाचा मुद्दा असतो. एसीसाठी पैसे मालक घालतो आणि बिल भाडेकरूचे उतरते, म्हणून मालक जुनेच यंत्र रेटत राहतो. न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये यासाठी एक नमुना अट पुढे आणली: अपेक्षित बचतीच्या ८० टक्के रक्कम मालकाने भाडेकरूकडून वसूल करावी आणि २० टक्के अंदाज चुकण्यासाठी सोडून द्यावी. समजा, यंत्रणेला १२ लाख लागले आणि वर्षाला २ लाख ४० हजारांची बचत अपेक्षित आहे, तर १ लाख ९२ हजारांच्या हिशेबाने सव्वासहा वर्षांत पैसे परत येतात. नऊ वर्षांच्या मुदतीत हे सहज बसते. भाडेकरू तीन वर्षांच्या लॉक-इननंतर (म्हणजे करार सोडता न येण्याचा काळ संपल्यावर) निघून गेला तर उरलेली रक्कम कोणाची, हे मात्र स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण भांडण नेमके तिथेच लागते.

दंडाची रक्कम लिहिली असेल तर तीही बेताची असू द्यावी. करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाई देते आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची केवळ कमाल मर्यादा असते.

आणखी एक. काही कंपन्या ही दोन पाने मूळ करारातून काढून साध्या कागदावर वेगळ्या सामंजस्यपत्रात सही करून मागतात. तसे करू नये. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ प्रमाणे नोंदणीकृत दस्तानेच होतो, आणि भाड्याशी किंवा वसुलीशी निगडित अटी रजिस्ट्रीबाहेर ठेवल्या, तर पुढे त्या पुराव्यात वाचता येतील की नाही यावरच पहिली दोन वर्षे जातात.

मीटर_आधी यांचे उत्तर:

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून फक्त मोजणीविषयी लिहितो. बँकेची ‘वीजवापरात घट’ ही अट एकूण युनिटांवर असेल, तर ती अजिबात मान्य करू नका. भाडेकरूने उद्या रात्रपाळी सुरू केली, तर उत्तमातले उत्तम यंत्र बसवूनही युनिट वाढणारच. माप दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट असे घ्यावे आणि कामाचे तास बदलल्यास तुलनेचा आकडाही त्याच प्रमाणात बदलेल, असे लिहून घ्यावे. तुलनेसाठी आधारभूत धरलेल्या वर्षात इमारत निम्मी रिकामी असेल, तर पुढची सगळी वर्षे आपण नापास, हेही लक्षात असू द्यावे.

लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे आणि पार्किंग यांसाठी निराळे सब-मीटर आजच बसवा. ते नसतील तर दोन्ही करारांतील आकडे अंदाजपंचेच राहतील. सौर संचाचे नेट मीटरिंग, म्हणजे तयार झालेली वीज बिलातून वजा करण्याची सोय, ज्याच्या नावाच्या जोडणीवर असते, त्याच्याच बिलात वजावट दिसते. आपल्या जोडणीवर संच बसवून भाडेकरूच्या बिलात घट दाखवता येणार नाही. तेव्हा संच कोणाच्या जोडणीवर, हे बँकेची अट लिहिण्यापूर्वी ठरायला हवे.

विजयनगरचा_मालक:

दोघांचेही आभार. कंपनी सौर संच स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जोडणीवर बसवायलाही तयार आहे. तसे झाल्यास मुदतीनंतर संच कोणाचा? आणि बँकेची सूट घ्यावी की साधेच कर्ज घ्यावे?

निवृत्त_कर्जविभाग यांचे उत्तर:

संचाचे आधी सांगतो. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागेला जोडलेल्या वस्तू तो ताबा असेपर्यंत काढून नेऊ शकतो, मात्र जागा मिळाली तशी परत करावी लागते. तेव्हा संच ठेवायचा की न्यायचा, ठेवल्यास कोणत्या किमतीला आणि काढल्यास छताचे वॉटरप्रूफिंग कोणी करायचे, ते लिहून टाका. गच्चीत पडलेली भोके पावसाळ्यातच कळतात.

आता कर्ज. एका प्रकारात पैसा ठरलेल्या हरित कामालाच लागला पाहिजे, एवढीच अट असते. आपल्या इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ते याच जातीचे: पैसा खरगोन जिल्ह्यातील जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, म्हणजे नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवणाऱ्या पंपांचे बिल कमी करण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात पैसा कुठेही लागो, पण कामगिरीचे लक्ष्य गाठले तर व्याज उतरते आणि चुकले तर चढते. आपल्या बँकेने दोन्ही एकत्र कालवलेले दिसतात. दीड कोटीवर ०.१० टक्के म्हणजे पहिल्या वर्षी फार तर पंधरा हजार रुपये, आणि मुद्दल फिटेल तसे त्याहून कमी. एवढ्यात तपासनिसाची फीसुद्धा निघेल असे मला वाटत नाही. म्हणून पहिल्या प्रकारचे कर्ज मागावे. खरेदीची बिले आणि संच चालू झाल्याचा दाखला दिला की काम संपते. दुसरा प्रकार घ्यावाच लागला, तर लक्ष्य चुकल्यास फक्त सूट जाईल, कर्ज थकीत ठरणार नाही आणि मुदतीपूर्वी परत मागितले जाणार नाही, हे वाक्य मंजुरीपत्रात तर हवेच, पण कर्जकरारातही हवे.

क्रमही सांभाळा. इमारत गहाण पडल्यावर मालकाने स्वतःच्या अधिकारात दिलेल्या इमारतीच्या भाडेपट्ट्याला त्याच अधिनियमाच्या कलम ६५अ ने तीन वर्षांची मर्यादा घातली आहे, आणि बहुतेक गहाणखतांत तर बँकेच्या परवानगीशिवाय भाड्याने देण्यासच मनाई असते. आपला करार नऊ वर्षांचा आहे. तेव्हा त्याचा मसुदा, त्या दोन पानांसकट, गहाणखताच्या आधी बँकेपुढे ठेवा आणि लेखी संमती घेऊनच रजिस्ट्रीची तारीख ठरवा.