जेनेटिक असोसिएशनचा पेपर: सगळे स्निप्स द्यायचे की फक्त सिग्निफिकंट आलेले?

पेशीकेंद्र:
नमस्कार मंडळी, पीएचडीचा पहिला पेपर आहे. केस-कंट्रोल स्टडी (आजार असलेले विरुद्ध नसलेले), काही जीन्समधले मिळून 20 स्निप्स (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक) बघितले, त्यातला एक सिग्निफिकंट आला, पी 0.03 (म्हणजे संबंध नसताना निदान एवढा फरक दिसायची शक्यता 3 टक्के). रिव्ह्यूअरने ‘स्ट्रेगा चेकलिस्टप्रमाणे रिपोर्ट करा’ (अशा जेनेटिक स्टडीत काय काय लिहायचं त्याची यादी) एवढंच लिहून परत पाठवलाय. गाइडचं म्हणणं, जो आलाय त्याचंच टेबल द्या, बाकीचे 19 कोण वाचतंय. मला काही ते पटत नाहीये, पण त्यांना सांगू काय? वर्ड लिमिटचाही प्रश्न आहेच.

आकडेमोड:
बाकीचे 19 गाळू नकोस, प्लीज. अगं/अरे 0.05 ची रेघ (पी त्याखाली तर सिग्निफिकंट) धरून 20 टेस्ट केल्या की काहीच संबंध नसला तरी सरासरी एखादा नुसत्या योगायोगाने वर येतोच, आणि 20 बघितले होते हे वाचणाऱ्याला कळलंच नाही तर त्याने तुझा 0.03 तोलायचा कसा? पूर्ण जीनोम चाळणाऱ्या स्टडीत 5 गुणिले 10 चा उणे आठवा घात एवढा कडक कटऑफ लावतात तो याचसाठी. गाइडना 2002 चा एक आढावा दाखव, त्यात तीन किंवा जास्त वेळा तपासलेल्या 166 असोसिएशन्सपैकी (जीन आणि आजार यांचे संबंध) फक्त 6 सातत्याने रिप्लिकेट झालेली, म्हणजे पुन्हा तपासल्यावरही टिकलेली निघाली. छोटी सॅम्पल्स वगैरे कारणं आहेतच, पण आलं तेवढंच छापायचं ही सवय त्यात मोठी. बाकीच्या 19 चे इफेक्ट साइझ (परिणाम किती मोठा) आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (तो आकडा किती अनिश्चित) दिलेस तर उद्या कोणी अनेक स्टडींचे आकडे एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस करताना ते वापरेल, नाही दिलेस तर ते कायमचे गेले.

पिपेटवाली:
+1. मी लॅबच्या बाजूने सांगते, जीनोटायपिंगबद्दल (प्रत्येक सॅम्पलमध्ये स्निपची कुठली अक्षरं आहेत ते वाचणं) लोक एक ओळ लिहून मोकळे होतात. कुठली मेथड, कॉल रेट (किती टक्के नीट वाचता आले) किती, किती सॅम्पल्स परत चालवली, आणि मुख्य म्हणजे केसेस आणि कंट्रोल्स एकाच बॅचमध्ये होते की वेगळे, हे सगळं लिही. शंभरी गाठलेल्या लोकांच्या जीन्सवरचा 2010 चा पेपर माहीत असेल, ‘सायन्स’मध्ये आलेला, खूप गाजला. काही सॅम्पल्स वेगळ्या चिपवर (स्निप्स वाचायची पट्टी) चालवली होती, त्या चिपच्या एरर्स निकालात शिरल्या आणि 2011 मध्ये तो मागे घ्यावा लागला.

जुना_सभासद:
पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन विसरू नका, म्हणजे केसेस आणि कंट्रोल्सच्या वंशातल्या फरकामुळे खोटा संबंध दिसणं. 1988 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी लोकांच्या अभ्यासात एक हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणाऱ्या जेनेटिक फरकांचा संच) डायबेटिसपासून वाचवतो असं दिसलं, पण युरोपियन वंशाचा अंश किती ते लक्षात घेतल्यावर तो परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला. त्यामुळे केसेस कुठून घेतल्या, कंट्रोल्स कुठून, आपसात नातेवाईक होते का, करेक्शन कसं केलं हे स्पष्ट लिहायचं. नसेल केलं तर तसं लिहायचं.

पेशीकेंद्र:
खूप आभार सगळ्यांचे. हार्डी-वाइनबर्गचं (जीनोटाइप अपेक्षित प्रमाणात आहेत का ती टेस्ट) ‘पी 0.05 पेक्षा जास्त’ एवढं लिहिलंय, चालेल ना? आणि लिमिटचं काय?

आकडेमोड:
नाही, जीनोटाइप काउंट्स (प्रत्येकाच्या दोन प्रतींमधल्या अक्षरांची जोडी किती जणांत कुठली) दे, केसेस-कंट्रोल्सचे वेगवेगळे. समज 200 कंट्रोल्समध्ये एए 90, एजी 70, जीजी 40 आहेत, म्हणजे ए चं प्रमाण 0.625, त्यावरून एजी साधारण 94 हवेत आणि आलेत 70, म्हणजे हेटरोझायगोट्स (दोन वेगळी अक्षरं असलेले, इथे एजी) बरेच कमी, असं दिसलं की पहिला संशय टायपिंगवर घ्यायचा. नुसत्या पी-व्हॅल्यूतून हे कोणाला दिसणार?

लिमिटचं टेन्शन नको, मेथड्समध्ये चार ओळी आणि बाकी सगळं सप्लिमेंटमध्ये. स्ट्रेगा म्हणजे 2009 मध्ये स्ट्रोबच्या (निरीक्षणावर आधारित स्टडींसाठीची आधीची चेकलिस्ट) 22 मुद्द्यांपैकी 12 मध्ये घातलेली भर आहे, त्यामुळे निम्मं तू आधीच लिहिलेलं असणार. आणि गाइडना हेही सांग की ती चेकलिस्ट स्टडी चांगली की वाईट ते ठरवत नाही, काय केलं ते उघड लिहा एवढंच मागते.

पिपेटवाली:
चेकलिस्टमध्ये प्रत्येक मुद्द्यासमोर पान नंबर टाकून रिव्ह्यूअरला जोडून पाठव, त्यालाही शोधत बसावं लागत नाही.