आउटलुकमधले जुने मेल आपोआप आर्काइव्ह कसे करायचे?

उद्यमनगर_ऑफिस: क्लासिक आउटलुक आहे. ड्रॉइंग, कोटेशनच्या मेलनी मेलबॉक्स भरलाय. ऑटोआर्काइव्ह (जुने मेल आपोआप वेगळ्या फाइलीत हलवणारी सोय) चालू केलं, तरी इनबॉक्समधले २०१९ चे मेल हलत नाहीत. काय राहिलं?

शिरोलीकर: फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > ऑटोआर्काइव्ह सेटिंग्ज उघडा. 'दर १४ दिवसांनी' आणि '६ महिन्यांपेक्षा जुने' हे राहू द्या. 'मूव्ह ओल्ड आयटम्स टू' निवडा. त्याखालचा 'परमनंटली डिलीट' चुकूनही नको, ते मेल परत मिळत नाहीत. शेवटी 'सगळ्या फोल्डरना आत्ता लागू करा' हे बटण दाबाच. इनबॉक्सला ऑटोआर्काइव्ह मुळात बंद असतं, बहुतेक तिथंच अडलंय.

उद्यमनगर_ऑफिस: दाबलं. निम्मे गेले, निम्मे तसेच.

पंचगंगा_काठ: आउटलुक मेल आल्याची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख यातली नंतरची धरतं. मेल इकडून तिकडं हलवला, इंपोर्ट केला, की तो 'नवा' झाला. उपाय रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जचा साठा) आहे: एचकेसीयू (HKEY_CURRENT_USER)\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\ऑफिस\१६.०\आउटलुक\प्रेफरन्सेस इथं 'आर्काइव्हइग्नोरलास्टमॉडिफाइडटाइम' नावाचा डीवर्ड (DWORD, आकडा ठेवणारी नोंद) करून किंमत १ द्या. नाव इंग्रजीत, मधे जागा न सोडता: ArchiveIgnoreLastModifiedTime. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या.

शिरोलीकर: आर्काइव्हची पीएसटी फाइल (हलवलेले मेल जिच्यात जातात ती) ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवू नका हं, नेटवर्कवरून उघडली की खराब होऊ शकते. पीसीवरच ठेवा, आउटलुक बंद करून मगच कॉपी घ्या. आणि नव्या आउटलुकमध्ये ऑटोआर्काइव्ह नाही, तिकडं लगेच जाऊ नका.