फळीवरचे पोते: कॉस कुठे घ्यायचा आणि साइन कुठे?

कळव्याची विद्यार्थिनी

नमस्कार. मी कळव्याला राहते आणि यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे सदिश, घटक, कर्ण, लगतची बाजू हे शब्द मला परके नाहीत, आणि काटकोन त्रिकोणात साइन, कॉस, टॅन काढण्यातही मला कधी अडचण आली नाही. तरीही भौतिकशास्त्रात सदिशाचे घटक पाडताना माझे दर दुसरे उदाहरण चुकते.

वर्गात पहिले उदाहरण दोरीने ओढलेल्या खोक्याचे होते. दोरी जमिनीशी थीटा कोन करते, म्हणून आडवा घटक बल गुणिले कॉस थीटा आणि उभा घटक बल गुणिले साइन थीटा, असे आम्ही लिहिले. लगेच पुढचे उदाहरण उताराचे होते. तिथे उतारावरून खाली ओढणाऱ्या घटकाला सरांनी साइन लावला आणि उताराला लंब असलेल्या घटकाला कॉस. मी कारण विचारले, तेव्हा "आकृती नीट पाहा" एवढेच उत्तर मिळाले. आकृती मी पाहिली, पण त्यात मला काही दिसले नाही.

माझे मामा वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये काम करतात, म्हणून मी माझ्यापुरते उदाहरण असे मांडले: ५० किलोचे पोते ट्रकला लावलेल्या फळीवर ठेवले आहे आणि फळी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते. पोत्याचे वजन ४९० न्यूटन. फळीच्या दिशेने त्यातले किती बल लागते? मी कॉस घेतला, कारण फळीच्या दिशेला मी एक्स अक्ष धरला होता. पुस्तकाच्या रीतीने साइन येतो. माझे नेमके कुठे चुकते?

ऐरोलीकर

परीक्षेपुरते सांगतो. जमिनीवरचे उदाहरण असेल तर आडव्याला कॉस, उभ्याला साइन. उताराचे असेल तर बरोबर उलटे. एवढे पाठ केलेस की अकरावी-बारावी दोन्ही निभावून जातील. मीही असेच केले होते.

निवृत्त शिक्षक, नौपाडा

ऐरोलीकरांचा सल्ला मोडण्याची इच्छा नव्हती, परंतु अनेक वर्षे याच पाठांतराने चुकलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळे गप्प बसवत नाही. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा कोन भिंतीपासून दिला, की "जमिनीवरचे उदाहरण" हा नियम तिथेच कोसळतो.

बाळ, कॉसचा एक्स अक्षाशी जन्माचा संबंध नाही. कॉसचा संबंध कोनाशी आहे. मूळ सदिश हा कर्ण. ज्या रेषेपासून तू कोन मोजलास, त्या रेषेवर पडणारा घटक ही कोनाची लगतची बाजू, म्हणून तिला कॉस. उरलेला घटक कोनासमोर येतो, म्हणून त्याला साइन. दोरीच्या उदाहरणात दोरीचा कोन जमिनीपासून मोजला होता आणि जमीन आडवी होती, एवढ्याच कारणाने कॉस आडव्या घटकाला गेला. त्यात आडवेपणाचे काही कर्तृत्व नाही.

आता तुझी फळी पाहू. इथे तुकडे बलाचे, म्हणजे वजनाचे पाडायचे आहेत आणि वजन सरळ खाली जाते. ३० अंशांचा कोन मात्र फळी आणि जमीन यांच्यामधला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंपैकी एकीवरही वजनाचा बाण नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की वजनाचा बाण आणि आपले नवे अक्ष यांच्यामध्ये किती कोन आहे. वही टेबलावर सपाट ठेव आणि तिच्यावर पेन्सिल काटकोनात उभी धर. या क्षणी पेन्सिल उभ्या रेषेवर आहे. पेन्सिल वहीशी काटकोनातच ठेवून आता वही ३० अंशांनी तिरकी कर. वही जमिनीपासून जितकी फिरली, तितकीच पेन्सिल उभ्या रेषेपासून फिरली. पेन्सिल म्हणजे फळीचा लंब आणि उभी रेषा म्हणजे वजन. म्हणजे ३० अंशांचा कोन वजन आणि लंब यांच्यात आहे, वजन आणि फळी यांच्यात नाही. लंबाच्या दिशेचा घटक कोनाला चिकटलेला, म्हणून तो ४९० गुणिले कॉस ३०, अर्थात सुमारे ४२४ न्यूटन. फळीच्या दिशेचा घटक कोनासमोरचा, म्हणून ४९० गुणिले साइन ३०, अर्थात २४५ न्यूटन.

तू फळीला एक्स अक्ष धरलास, त्यात काहीच चूक नव्हती. अक्ष आपल्या सोयीने धरायचे असतात आणि इथे तीच सोय चांगली आहे. चूक झाली ती वजन आणि फळी यांच्यातला कोन ३० धरण्यात. तो ६० अंश आहे. आता तुझाच कॉस वापरून कॉस ६० काढ, तेच ०.५ येईल. दोन कोनांची बेरीज ९० असली की एकाचा कॉस हा दुसऱ्याचा साइन असतो. आपल्या जुन्या शब्दांत हे उघडच दिसते: ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि कोटिज्या, म्हणजेच कोज्या, ही काटकोन पुरा करणाऱ्या उरलेल्या कोनाची ज्या. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २४ अर्धज्यांची सारणी श्लोकात बसवली. पुढे 'जीवा' हा शब्द अरबीत गेला आणि तिथून लॅटिनमध्ये जाताना वाचनातल्या घोटाळ्यामुळे त्याचा 'साइन' झाला. हे जरा विषयांतर झाले, तरी कोज्या हा शब्द लक्षात ठेव, गोंधळाच्या वेळी उपयोगी पडेल.

आणि उत्तर लिहिण्यापूर्वी एकदा कोन शून्य करून पाहावा. फळी जमिनीवर आडवी पडली, तर पोते आपोआप घसरणार नाही. म्हणजे फळीच्या दिशेचा घटक शून्य व्हायला हवा. साइन शून्य हे शून्य आहे, कॉस शून्य हा एक आहे. निर्णय तिथेच लागतो.

कळव्याची विद्यार्थिनी

सर, वही आणि पेन्सिल घेऊन खरोखरच करून पाहिले. हा कोन कुठून आला हे आज पहिल्यांदा कळले. मनापासून आभार.

मात्र दोन गोष्टी अजून जमत नाहीत. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ४९० गुणिले साइन ३० केले, तर उणे ४८४ येते. आणि दुसरे असे की पोते घसरताना त्याचे त्वरण काढण्यासाठी मी आकृतीत चार बाण काढले, म्हणजे वजन, वजनाचे दोन घटक आणि फळीची लंब प्रतिक्रिया. घर्षण सोडून दिले आहे. या चारांची बेरीज केली, तर पोते फळी फोडून खाली जाईल असे उत्तर येते.

निवृत्त शिक्षक, नौपाडा

पहिल्याचे कारण साधे आहे. तुझा कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर आहे आणि तो ३० अंशांऐवजी ३० रेडियनचा साइन देतो, जो सुमारे उणे ०.९८८ आहे. तो अंशांवर आण. तसेही बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच हाताशी असते, तेव्हा ३०, ४५ आणि ६० च्या किमती तरी तोंडपाठ असू देत.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. मामांनी बाजारात शंभराची नोट मोडून सुट्टे घेतले, तर खिशात नोट आणि सुट्टे असे मिळून दोनशे रुपये झाले, असे ते म्हणतील का? वजनाचे दोन घटक पाडले की वजनाचा मूळ बाण मोडला गेला. आकृतीत घटक काढताच मूळ बाणावर नागमोडी रेघ मारून तो रद्द करावा. मग लंब दिशेला ४२४ न्यूटन आत आणि तितकीच प्रतिक्रिया बाहेर, हिशेब फिटला. फळीच्या दिशेला उरले २४५. त्याला ५० ने भागले की ४.९, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या बरोबर निम्मे.

रिगिंग सुपरवायझर, रबाळे

मी शिक्षक नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये जड यंत्रे उचलून बसवण्याचे काम गेली वीस-बावीस वर्षे करतो. परंतु सरांनी "कोन कोणत्या रेषेपासून मोजला" हे जे सांगितले, त्यावर आमच्याकडे माणसांचे जीव अवलंबून असतात, म्हणून लिहितो.

दोन टनांचा पंप दोन स्लिंगांनी, म्हणजे उचलायच्या दोरांनी, एकाच हुकाला टांगला आहे असे समज. (आम्ही ताणही टनांतच बोलतो, सरांनी क्षमा करावी.) प्रत्येक स्लिंगने वर उचलण्याचा वाटा एक टन. पण स्लिंग तिरकी असते, त्यामुळे तिच्यातला ताण एक टनाहून जास्त असावा लागतो, कारण त्याचा फक्त उभा घटकच पंप उचलतो. कोन आडव्या रेषेपासून मोजला, तर उभा घटक म्हणजे ताण गुणिले साइन. म्हणून ताण काढताना एक टनाला साइनने भागायचे. इथे गुणायचे नाही, कारण घटक आपल्याला माहीत आहे आणि कर्ण शोधायचा आहे. कोन ६० अंश असेल तर ताण १.१५ टन, ४५ ला १.४१ टन आणि ३० ला पुरते २ टन. म्हणजे ३० अंशांवर दोन स्लिंगा लावूनही प्रत्येकीवर अख्ख्या पंपाचा भार येतो. कोन ५ अंशांपर्यंत उतरला, तर प्रत्येकीत साडेअकरा टनांच्या आसपास ताण असेल. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी कितीही ताणली तरी मध्ये झोळ राहतोच, तो यामुळेच. अगदी आडव्या दोरीच्या ताणाला उभा घटकच नसतो, मग ओल्या चादरीचे वजन पेलणार कोण?

ताणाचा आडवा घटक वाया जातो असेही समजू नकोस. ३० अंशांवर तो १.७३ टन असतो आणि तो पंपाला दोन्ही बाजूंनी आत दाबतो. पातळ पत्र्याचे खोके असेल तर ते चेपते. म्हणून अशा कामाला आम्ही वर स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंगा दूर धरणारी आडवी तुळई, लावतो आणि खालच्या स्लिंगा सरळ उभ्या सोडतो.

आता घडलेली गोष्ट. एका कामाच्या नकाशावर स्लिंगेचा कोन ६० अंश लिहिला होता. तो उभ्या रेषेपासून मोजलेला होता, पण नकाशावर तसे कुठेही लिहिले नव्हते. आमच्या नव्या मुलाने तो आडव्यापासून धरला, ताण १.१५ टन काढला आणि दीड टन क्षमतेच्या स्लिंगा आणल्या. उभ्यापासून ६० म्हणजे आडव्यापासून ३०, अर्थात प्रत्येकीत २ टन. हुकाला लावून नुसत्या ताणल्या, तेव्हा त्या इतक्या फाकलेल्या दिसल्या की मी क्रेनवाल्याला हात दाखवून थांबवले. मुलाचा साइन बरोबर होता, गुणाकार-भागाकारही बरोबर होता. कोन चुकीच्या रेषेपासून धरला होता. त्या दिवसापासून कोनाच्या आकड्याशेजारी तो कोणत्या रेषेपासून मोजला, हे लिहिल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही. तूही वहीत तसे लिहीत जा.

ऐरोलीकर

माझा आधीचा सल्ला मी मागे घेतो. काकांच्या नकाशापुढे माझ्या पाठांतराने त्या मुलासारखाच दगा दिला असता.

परतफेड म्हणून उलट्या दिशेचा एक मुद्दा सांगतो, कारण पुढच्याच धड्यात तो लागेल. घटक माहीत असतात आणि परिमाण व दिशा काढायची असते. पावसात ठाण्याहून वाशीच्या लोकलने येताना सरी तिरक्या दिसतात. वारा पडलेला आहे, थेंब ताशी नव्हे, सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ खाली येत आहेत आणि गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे जात आहे असे धरू. गाडीतल्या माणसाला थेंबाचे दोन घटक दिसतात, १० मागे आणि ८ खाली. परिमाण १०० अधिक ६४ चे वर्गमूळ, सुमारे १२.८. दिशेसाठी टॅन. पण इथेही प्रश्न तोच: उभ्या रेषेपासून कोन हवा असेल तर १० भागिले ८, म्हणजे सुमारे ५१ अंश, आडव्यापासून हवा असेल तर ८ भागिले १०, म्हणजे सुमारे ३९ अंश.

एक खाच मात्र आहे. गाडीची पुढची दिशा आणि वरची दिशा धन धरली, तर दोन्ही घटक ऋण होतात, उणे ८ भागिले उणे १० पुन्हा धन होते आणि कॅल्क्युलेटर निमूटपणे ३९ अंश दाखवतो. त्याचा अर्थ थेंब पुढे आणि वर उडत आहेत असा होतो! भागाकारात दोन्ही उणे चिन्हे गिळली गेली. थेंब तिसऱ्या चरणात आहेत, म्हणून त्यात १८० मिळवून कोन सुमारे २१९ अंश लिहायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझे पूर्ण चार गुण यात गेले होते.

कळव्याची विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. काकांची गोष्ट मी घरी वाचून दाखवली, तेव्हा मामा म्हणाले की तुझी फळी ३० अंशांची आहे हे तुला कोणी सांगितले? आज ते खरी फळी मोजून आले आहेत. लांबी २.७ मीटर आणि ट्रकच्या हौद्याची उंची १.२ मीटर. कोन मोजायला त्यांच्याकडे काही नव्हते, पण मग लक्षात आले की कोन लागतच नाही, कारण उंची भागिले फळीची लांबी म्हणजेच साइन. तो ०.४४४ आला.

५० किलोच्या पोत्यासाठी फळीच्या दिशेचा घटक सुमारे २१८ न्यूटन आणि लंब घटक सुमारे ४३९ न्यूटन. वजनाच्या बाणावर नागमोडी रेघ मारली आहे आणि कोनाशेजारी "वजन व लंब यांच्यामधील" असे लिहिले आहे. मामांचे म्हणणे असे की पोते त्या फळीवर आपोआप घसरत नाही, वरून ढकलावे लागते. उद्या घर्षण घेऊन करून पाहते.

निवृत्त शिक्षक, नौपाडा

घर्षणाकडे जाशील तेव्हा मामांना आणखी एक काम सांग. पोते ठेवलेली फळी एका टोकाने हळूहळू उचलायची आणि पोते जिथे घसरू लागेल, तिथे थांबून टोकाची उंची आणि टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या बुडापर्यंतचे जमिनीवरचे अंतर मोजायचे. उंची भागिले ते अंतर, म्हणजे त्या कोनाचा टॅन, हाच पोते आणि फळी यांचा स्थितिक घर्षण गुणांक. पोते ५० किलोचे आहे की २० चे, याने त्यात फरक पडणार नाही. का पडत नाही, ते तुझ्या दोन घटकांचा भागाकार करून तूच लिही.